राणीची ओटी

‘जोतिबा सरगरानं राणी भंगारात घातली,’ अशी बातमी नवरात्राच्या तोंडावर गावात फिरली. भंगारवाल्यानं चाकं सोडवली, जोतिबा ओक्साबोक्शी रडला, असं छातीठोक सांगणारे मला पारावर भेटले. पाहिलेला मात्र एकही नव्हता. जोतिबाच्या आणि माझ्या घरात भिंत एकच, त्यामुळं खरं ते सांगतो. सांगलीचा भंगारवाला आला होता आणि चहा पिऊन गेला. राणी जागेवरच होती. फक्त तिच्या शेडला कुलूप लागलं होतं.

राणी म्हणजे बस. लांब नाकाची, लालभडक, जुन्या घाटाची. एकेकाळी ती कवठे महांकाळहून आमच्याकडं यायची. जोतिबाची आई नवरी होऊन आली ती हिच्यातूनच. मालकानं ती मोडीत काढली तेव्हा फौजेत ड्रायव्हरकी करून पेन्शनीत आलेल्या जोतिबानं ती घरी आणली आणि पत्रा न् पत्रा नवा केला. त्याची बायको अंजना म्हणाली, “लोक म्हशी आनत्यात, ह्येंनी बस आनली. आता हिची धार कोन काढनार?”

तेव्हापासून रिवाज पडला. नवरात्रातल्या मंगळवारी गावच्या बाया राणीत बसून औंधच्या यमाईला जायच्या. निघताना राणीची ओटी भरायची, कारण म्हाताऱ्या बयाबाईचं म्हणणं, लाल नेसलेल्या बाईनं देवीपुढं रिकाम्या ओटीनं जाऊ नये. तिकीट नाही. आईनं मरताना जोतिबाकडून शब्दच घेतला होता, ‘देवीच्या वाटंवर पैसा घ्यायचा न्हाई.’

पण डिझेल चढतच गेलं, आणि चढाला लागली की राणी डिझेल पीत नाही, आंघोळ करते. पेन्शनीत घर चालवावं की बस? यंदा जोतिबानं सांगून टाकलं, “औंध बंद. दसरा झाला की गाडी देऊन टाकतो. उभ्या उभ्या गंजल्याली बघवत न्हाई.”

बायांनी वर्गणीचं नाव काढलं तर म्हणाला, “आईचा शब्द मोडू व्हय?” मी आपला सल्ला दिला, “निम्मं तिकीट घे, देवीला कोण सांगतंय!” त्यावर त्यानं माझ्याशी बोलणंच टाकलं.

मंगळवारी सकाळी शेडपुढं गलका उठला. पुढं बयाबाई, हातात दुधाची किटली. मागं कुणाकडं कॅन, कुणाकडं कळशी. घरोघरच्या ट्रॅक्टरचं डिझेल बाहेर निघालं होतं. प्रत्येक भांड्याला हळदीकुंकू लावलेलं, वर खण.

“कुलूप काढ रं जोतिबा, ओटी भरायची हाय.”

“आवं बयाक्का, ह्ये डिझेल हाय!”

“मग? हिला नारळ फोडून काय करायचा हाय?”

“मी कुनाचं काय घेनार न्हाई म्हनलंय.”

“तुला कोन देतंय? ओटी गाडीची हाय. भराय आल्याली ओटी माघारी धाडत्यात व्हय? ह्ये शिकवलं न्हाई आयनं?”

जोतिबा अंजनाकडं बघायला लागला, तर तिनं कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलंसुद्धा.

बाया एकेक करून टाकीत ओतायला लागल्या. साळूबाईची पाळी आली. तिच्या ओंजळीत तांदूळ, हळकुंड, सुपारी. रीत ती रीत; बाई ते सगळं टाकीत सोडणार, तेवढ्यात जोतिबा असा ओरडला की फौजेतसुद्धा ओरडला नसेल, “साळूबाई, तांदूळ नगं! इंजनात भात शिजवायचाय व्हय?”

तांदूळ बॉनेटवर पडले. टाकी भरली. आता दर सणाला अशीच ओटी, हे बयाबाईनं तिथंच ठरवून टाकलं. जोतिबा आधीच लख्ख असलेली काच उगाच पुसत राहिला. मग त्यानं भंगारवाल्याला फोन लावला, “नगा येऊ पावनं. आमची गाडी सुखानं नांदतीया.”

ओव्या म्हणत बाया चढल्या. त्या गडबडीत मीही ड्रायव्हरमागची खिडकी पकडली. जोतिबानं स्टार्टर मारला. राणी नुसती खाकरली.

मला राहवेना. “गड्या, शेवटी भाडं घेतलंसच की! पातळ करून घेतलंस, एवढंच.”

जोतिबा सावकाश मागं वळला.

“भाडं न्हाई, ओटी हाय ती. आन बायांनी भरलीया. तू काय भरलंस? उतर खाली आन मागनं ढकल.”