तात्यांना न दिलेले बॉल

व्हॉलीबॉलमध्ये मारणाऱ्याचं नाव होतं. उचलून देणाऱ्याला कुत्रंही विचारत नाही. आम्ही त्याला लिफ्टर म्हणायचो. मागच्यानं घेतलेला बॉल नेटजवळ त्याच्याकडे यायचा आणि तो कुणाला उचलून द्यायचा हे त्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. नव्वदच्या दशकात, माझ्या एकोणिसाव्या वर्षी, भिगवणजवळच्या आमच्या गावात हे काम माझ्या गळ्यात पडलं. जुन्या लिफ्टरला पुण्यात नोकरी लागली होती आणि बाकी सगळ्यांना मारायचंच होतं.

मारणारे दोघं होते. एक तात्या. वय बेचाळीस, अंगानं धिप्पाड, भिगवणच्या मासळी बाजारात बर्फाच्या लाद्या वाहायचे. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती, त्यामुळे आवाज माळाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईल असा. दुसरा माझा दोस्त, सायकल दुकानवाल्याचा पोरगा, बुटका आणि डावखुरा. तात्या उडी मारता मारता ओरडायचे, "दे!" दोस्त बिचारा कधी ओरडायचा नाही.

आता खरं सांगतो, मी बॉल वयानुसार वाटायचो. आमच्या घरी पंगतीत पहिलं ताट मोठ्याला, बैलगाडीत पुढची जागा मोठ्याला, मग बॉल तरी दुसऱ्याला कसा द्यायचा? तात्यांनी "दे" म्हटलं की माझे हात आपोआप तिकडे वळायचे. दोस्त दहा बॉलमागं एखादा मारायचा, तोही तात्या पाणी प्यायला गेले असतील तर.

इंदापूरच्या स्पर्धेत हे समोरच्यांनी पाच मिनिटांत ओळखलं. तीन उंच गडी तात्यांसमोर नेटवर हात वर करून उभे राहिले. मी तरी देतच राहिलो. तात्या मारतच राहिले, त्या तिघांच्या हातांवर, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या सेटच्या शेवटी त्यांनी एक बॉल मारला आणि खांदा धरून खाली बसले. आम्ही हरलो. परतताना एसटीत त्यांनी उजवा हात मांडीवर असा ठेवला होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. मला आदर दाखवायची एवढी हौस होती की मी त्या माणसाचा खांदाच खाल्ला.

महिन्याभरानं बारामतीत स्पर्धा होती. पहिलीच गाठ पुन्हा त्याच इंदापूरवाल्यांशी पडली. आदल्या दिवशी तात्यांनी मला बाजाराच्या मागच्या बाजूला बोलावलं.

"हात वर जात न्हाय," ते म्हणाले. "कुणाला बोलू नगंस."

"मग तुमी बसा की तात्या. दुसरा कुणीतरी खेळंल."

"मी बसलो तर ते तिघं कुणाम्होरं हुबं राहतील? तुझ्या त्या बुटक्याम्होरं. मी उडी मारणार, बोंबलणार. तू मला द्यायचा न्हाय. एकबी न्हाय."

"लोक काय म्हणतील?"

"तुला म्हणतील. ऐकून घ्यायचं."

सामना कॉलेजच्या मैदानावर सकाळी होता. गावातली तीसेक माणसं टेम्पोनं आली होती, माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तेही आले होते. पहिलाच बॉल माझ्याकडे आला, तात्या ओरडले, "दे!", आणि माझ्या हातांनी तो त्यांनाच दिला. सवय ती सवय. तात्यांनी कसाबसा डाव्या हातानं तो पलीकडे ढकलला आणि माझ्याजवळ येऊन दात न उघडता म्हणाले, "परत दिलास तर भिगवणपतुर चालत जाशील."

मग मी नाही दिला. तात्या धावत यायचे, उडी मारायचे, ओरडायचे, आणि समोरचे दोघं-तिघं त्यांच्याबरोबर हवेत. मी बॉल डोक्यामागून दोस्ताकडे सोडायचो. त्याच्यासमोर मोकळं मैदान. पहिला सेट आम्ही घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात मला वाटलं, आता तरी ही पोरं शहाणी होतील. नाही झाली. शेवटी तीही आमच्याच भागातली. एकोणीस वर्षांचं पोरगं बेचाळीसच्या माणसानं मागितलेला बॉल सारखा सारखा नाकारेल, हे त्यांच्या मनाला पटतच नव्हतं. या वेळी तरी देईलच, असं म्हणून ती दर वेळी उडी मारायची.

आम्ही जिंकलो. दोस्ताला लोकांनी खांद्यावर घेतलं. मला मात्र टेम्पोत कुणी बसायला जागा दिली नाही. "तात्यानं घसा फोडला, पर ह्यानं हुंगलं न्हाय," एक जण म्हणाला. "दोस्ताला मोठं करायचं हुतं," दुसरा म्हणाला. तात्या ड्रायव्हरशेजारी बसले होते. एक अक्षर बोलले नाहीत. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा भयंकर राग आला. मागं वळून एक वाक्य टाकलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं?

आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल. पाया पडायचं तात्याच्या." मी मुकाट्यानं गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. आबा म्हणाले, "पोरगं चुकलंय, पोटात घाला."

मला वाटलं, आता तरी सांगतील. तात्यांनी गंभीर चेहरा केला. "पोरसवदा हाय," ते म्हणाले. "चुकायचंच." मी वाकलो तेव्हा फक्त मला ऐकू येईल असं पुटपुटले, "कळलं तर फुडल्या साली फसतील व्हय रं ते?"

म्हणजे पुढच्या वर्षासाठी हा माणूस माझ्याबद्दलची गावाची कुजबुज ऐकूनही गप्प बसला होता. माझा राग तिथंच विरघळला, आणि डोळे भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

डावा.

आमच्याकडं कुणी डाव्या हातानं आशीर्वाद देत नाही. प्रसाद घेत नाही, कुंकू लावत नाही. मी मान वर केली तेव्हा आबा त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी तात्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडला होता, एसटीत पडला होता तसाच.

घरी येताना अर्ध्या वाटेवर आबा थांबले. "त्येंचा उजवा कधीपासनं वर जात न्हाय?"

"इंदापूरपासनं."

"म्हंजी बारामतीत..."

"व्हय."

आबा पुन्हा चालायला लागले. घरी आल्यावर आईला म्हणाले, ह्याला आधी जेवायला वाढ.

पुढच्या वर्षी इंदापुरात पुन्हा तीच गाठ. तात्यांचा हात तोवर बरा झाला नव्हता, आणि तो कधीच झाला नाही. बाजारात ते लाद्या वाहायचं सोडून काट्यावर मासळी मोजायला बसायचे. तरी चड्डी चढवून मैदानात उभे राहिले. यंदा समोरची पोरं सावध होती. तात्या ओरडले तरी एकच जण त्यांच्यासमोर उडी मारत होता, बाकीचे दोस्तावर डोळा ठेवून. आम्ही मागं पडायला लागलो.

तेवढ्यात बाहेरून एक आवाज आला. माझे आबा, जे देवळातसुद्धा हळू बोलायचे, दोरीच्या पुढं येऊन लालबुंद होऊन ओरडत होते, "आरं तात्याला दे की! गेल्या साली आब्रू घालवलीस! आज न्हाय दिलास तर घरात घेणार न्हाय!"

समोरच्या तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. पोराचा बापच असं म्हणतोय म्हटल्यावर संपलं. तात्या धावत आले, तिघंही त्यांच्याबरोबर वर गेले, आणि मी बॉल डोक्यामागून सोडला.