उरला तो नवरा

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण सांगणार आहे ती माझी अशी फजिती, की रामनगरच्या बाजारातून मी अजून मान खाली घालून जाते.

मी रामनगरात स्पर्धा परीक्षांचा क्लास घेते. विषय तर्कशक्ती. पोरं म्हणजे एकेक रत्न! उत्तर आलं नाही की डोळे मिटून 'क'वर खूण. घसा फोडून सांगते, "गाढवांनो, उत्तर येत नसू दे. चुकीचे पर्याय उडवा, उरेल ते उत्तर!"

तर मला स्थळ आलं. मुलगा गणेशगुडीचा, पर्यटकांना राफ्टिंगला नेणारा. आधीचे सगळे दीडशहाणे 'लग्नानंतर क्लास बंद' म्हणून गेले होते. हा एकटाच म्हणाला, "चालू ठेवा की." खरं सांगते, मला हा हवा होता. आईनं त्याचा फोटो पाठवला, तो मी उघडलासुद्धा नाही. फोटो बघून काय म्हैस घ्यायची होती? समोर आला की ओळखेनच. तर्कशक्तीची बाई ना मी!

मुलगा, त्याचे मामा आणि गाडीचा ड्रायव्हर असे तिघं आले. माझी चुलतबहीण सुमी गुपचूप पाणी देऊन गेली. आई चुलीपाशी. चहा घेऊन मीच पडवीत आले, आणि आल्या आल्या मामांना चपला घालून पडवीत चढल्याबद्दल झापलं.

पांढऱ्या केसांचे ते मामा, उडाले. दुसऱ्याच्या शर्टाला ग्रीस, हातात गाडीची किल्ली. ड्रायव्हर, उडाला. तिसरा इस्त्रीचा शर्ट, अत्तर, खाली मान. उरला तो नवरा! एवढं सोपं असतं हो!

"ड्रायव्हरदादा, तुमचा चहा अंगणात घ्या. इथं महत्त्वाचं बोलायचंय."

"व्हय, व्हय," म्हणत तो कप घेऊन गेला. मामांनी आ वासला. मला वाटलं, माझी शिस्त बघून गार पडले.

मग मी अत्तराकडे वळले. "शिक्षण?"

"सातवी नापास."

आई तर पदवीधर म्हणाली होती! असू दे. "आणि माझ्या क्लासचं काय?"

"मला काय करायचंय त्येचं?"

"वा! लग्न करायचं म्हटल्यावर..."

तो ताडकन उठला. "अयायो! अक्का, माझं झालंय की! दोन पोरं हाईत!"

"लग्न झालेला माणूस दाखवायला आणलात?" मी मामांवर कडाडले. "लाज नाही वाटत?"

"ह्यो ड्रायव्हर हाय," मामा म्हणाले. "वाटंत चाक पंक्चर झालं. ह्येचा नवा शर्ट घाण हुईल म्हणून आमच्या पोरानंच बदललं. त्येला तुम्ही आत्ता भायेर घातलासा."

तर्कशक्ती म्हणे! डोंबल माझं! मी अंगणात धावले. फणसाखाली तो निवांत चहा फुंकत होता. हसरा, शांत. आणि असल्या माणसाला मी उडवला होता!

"माफ करा हं. मी तुम्हाला ड्रायव्हर समजले."

"असू दे की. मला पोरगी पसंत हाय. मामांना तवाच खुणावलंय."

मला आभाळ ठेंगणं झालं. "खरंच? मी एवढं बोलल्यावरसुद्धा?"

"तुम्ही न्हवं. ती पाणी दिऊन गेली ती. फोटोतल्यागतच बारीक हाय."

फोटो! आईनं माझा कॉलेजातला फोटो धाडला होता.

"आणि मी? मी कोण वाटले तुम्हाला?"

त्यानं कप खाली ठेवून हात जोडले. "म्हणून तर गप भायेर आलो. सासूबाईंना पयल्याच दिवशी कोण उलटं बोलंल?"