गोड केलेलं नाही

माझी नात जेवण उरकलं की ‘डेझर्ट काय आहे’ विचारते. सून त्यालाच स्वीट म्हणते आणि मुलगा नुसतं ‘गोड काहीतरी’ म्हणून ताटावर बसून राहतो. मी जे असेल ते वाढते. या एका पदार्थापायी माझं सगळं आयुष्य एकदा अडून बसलं होतं, हे त्यांना कधी सांगितलेलं नाही.

आमचं गाव श्रीगोंद्याच्या बाजूला, उसाचं. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. एरवी आमच्या पंगतीत गोड आधी पानात पडायचं, पण सोयरिकीच्या जेवणाची आमच्या भावकीतली रीत उलटी होती. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना आधी कालवण-भाकरी वाढायची. मग बोलणी. बोलणी पटली की सगळ्यात शेवटी गोड. पाहुण्याने गोडाचा घास खाल्ला की सोयरीक पक्की, मग ब्रह्मदेव आला तरी मोडता यायची नाही. गोड न खाता पाहुणा उठला तर समजून घ्यायचं. तोंडावर नाही म्हणायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून काढलेली ती युक्ती असावी.

मी त्या वर्षी मॅट्रिक झाले होते आणि मास्तरणीच्या कोर्सला नगरला माझा नंबर लागला होता. पत्र आलं होतं, आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. भावकीची बोलणी खाऊन त्यांनीच मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. पण नगरला पोरगी एकटी ठेवायची म्हटल्यावर त्यांचा धीर सुटला. तेवढ्यात कचेरीत कारकून असलेले चुलते नगरहून स्थळ घेऊन आले. मुलगा चांगला होता, हेही सांगून टाकते. घरचं बागाईत, माणसं शांत. खोट काढायला जागाच नव्हती, तिथंच माझी पंचाईत झाली.

दादांना मी तीनदा सांगून पाहिलं. लग्न झाल्यावर शीक, असं ते म्हणायचे. लग्न झाल्यावर शिकलेली एक तरी बाई गावात दाखवा म्हटलं की उठून गोठ्यात जायचे. आई भाकऱ्या थापत सगळं ऐकायची, बोलायची काहीच नाही. मला तिचाही राग यायचा.

पाहुणे आले त्या दिवशी स्वयंपाक मीच करायचा होता, मुलीच्या हाताची चव कळावी म्हणून. आईने रवा काढून ठेवला, शेवटी गुळाचा शिरा कर म्हणाली आणि पाणी भरायला गेली. मी कालवण केलं, भाकरी केली. रवा मात्र परत डब्यात ओतला आणि डबा फळीवर ठेवून दिला.  ठरवलं ते ठरवलं.

पंगत बसली. वाढायला आई आत-बाहेर करत होती. चुलीपाशी शिऱ्याचं पातेलं नाही हे तिला दिसलंच असणार. बोलणी झाली, पटलीही. दादांचा चेहरा फुलला. आता गोडधोड येऊ द्या, असा त्यांनी आत आवाज दिला. मी जागची हलले नाही. मग चुलते खाकरले आणि त्यांच्या कचेरीच्या भाषेत त्यांनी स्वीट डिशची चौकशी केली. मुलाचे वडील बिचारे साधे. पक्वान्नच पाहिजे असं नाही, चमचाभर गुळचट काहीही चालेल, म्हणाले. नावं किती का घेईनात, माझं उत्तर एकच होतं. मी दारात आले आणि दादांकडे बघून म्हणाले, “दादा, गोड केलेलं न्हाई.”

दादांना वाटलं, मी विसरले. चुलते मात्र हुशार. शिरा नसेना का, गुळाचा खडा द्या, गूळ म्हणजे गोडच की, असं त्यांनी लगेच तोडगा काढला. रीतीप्रमाणे ते खरंच होतं. मेलीला मला हे सुचलंच नव्हतं. आमच्या अंगणाला लागून गुऱ्हाळ, गुळाच्या ढेपा घरातच रचलेल्या. 

दादांनी आईला गूळ आणायला सांगितलं. ती कोपऱ्यात गेली, ढेपेवरचं गोणपाट तिने वर केलं. मी बघत होते. तिने गोणपाट पुन्हा नीट खाली ओढलं, रिकाम्या हातांनी दारात आली आणि पाहुण्यांना हात जोडून म्हणाली, “गूळ संपलाय.”

उसाच्या गावात, गुऱ्हाळवाल्याच्या घरात! कोण विश्वास ठेवणार? मुलाच्या वडिलांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तांब्यातलं पाणी प्यायले आणि येतो म्हणून उठले. त्या माणसाचे उपकार मी अजून मानते. चुलते दादांना नाही नाही ते बोलून त्याच पावली नगरला गेले. दादा आईशी बोलेनासे झाले. तिने वाढलेलं ताट पाठमोरे बसून जेवायचे. पण मला जाऊ नको म्हणाले नाहीत.

चौथ्या दिवशी आई मला एस.टी.च्या फाट्यापर्यंत घेऊन आली, पेटी तिच्याच डोक्यावर. तू असं का केलंस, मी तिला विचारलं. तिने डोक्यावरची पेटी खाली ठेवली.

“तुज्या दादांसंगं लगीन मला बी नको हुतं,” ती म्हणाली. “आन् मला बघाया आले त्या दिशी शिरा मीच केल्ता.”

मला रडू फुटलं. तेवढ्यात गाडी आली. आईने पेटी आत ढकलली, मला दंडाला धरून पायरीवर उभं केलं आणि म्हणाली, “रडती काय? जागा धर आधी.”