अप्पांचा डबा आणि काकूंचा सा

माझ्या सासऱ्यांनी माझ्यावर पूर्ण विश्वास असा एकदाच टाकला, आणि तो चपलांच्या खोक्यात भरून दिला.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, राहायला नौपाड्यात. सगळी नोकरी रेल्वेच्या डब्यांची ड्रॉइंगं काढण्यात गेली, तेव्हा निवृत्तीनंतर माणसाने जरा तरी पालट म्हणून बागकाम करावं की नाही? पण नाही! कुणाच्या तरी घरातला जुना माल विकायला निघाला आणि त्यात अप्पांना आगगाडीच्या विलायती मॉडेलचा हातभर लांब अख्खा डबा मिळाला. अख्खा म्हणजे सुट्या तुकड्यांत. पितळेचे शंभर-दीडशे बारीक तुकडे. एकावरही नाव नाही, नंबर नाही, सोबत नकाशा नाही. त्यात अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. आणि रविवारी ठाण्यातल्या निवृत्त रेल्वेवाल्यांच्या मेळाव्यात डबा दाखवतो, असं ते गावभर सांगून बसलेले!

"द्या की माझ्याकडे," मी श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून म्हणालो. "इंजिनिअर आहे मी, अप्पा!"

(केमिकल. डोंबिवलीच्या एमआयडीसीत. माझा आणि चाकांचा संबंध स्कूटरपुरता, तोही ती ढकलण्यापुरता.)

अप्पांनी हिरव्या पट्टीआडून माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. "जावईबापू, एकही तुकडा हरवता कामा नये."

"हरवणार नाही!" मी म्हणालो. आणि खरंच, एकही हरवला नाही. उलट चार वाढले.

त्याचं असं झालं. आमच्या शेजारी देवधरकाकू राहायच्या. गाण्याचा क्लास घ्यायच्या. त्यांच्या पेटीचे चार सूर भसाडे लागायला लागले होते, आणि पेटी घरी आणून तेही काम मीच अंगावर घेतलेलं. पेटीत ज्या पितळी पट्ट्या वाजतात ना, त्यांनाच सूर म्हणतात. ते चार सूर काढून, पुसून मी एका ताटात ठेवले होते. दुसऱ्या ताटात अप्पांचा डबा, तिसऱ्यात अप्पांच्या डब्यातलं जे काहीच कळत नव्हतं ते.

शनिवारी दुपारी आमची ही, शैला, स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, तीन ताटं अडवून बसलायत! जेवायचं कशात? हातावर?"

आणि मी "अगं अगं" म्हणेपर्यंत तिने तिन्ही ताटं एका डालडाच्या डब्यात रिकामी केली!

मी घाबरलो नाही. इंजिनिअर होतो ना! जेवण झाल्यावर सगळं जमिनीवर पसरलं. चाकं ओळखली. दारं ओळखली. डब्याच्या टोकाला धक्के झेलणारे बफर ओळखले. (आधी ते मला शर्टाची बटणं वाटले होते, पण ते असो.) शेवटी राहिल्या आठ पट्ट्या. चार सरळ, चार वाकड्या. यातल्या चार अप्पांच्या, चार काकूंच्या. पण कुठल्या कुणाच्या? सूर मीच काढले, मीच पुसले, पण दिसतात कसे हे बघायचं राहून गेलं होतं.

फोन फक्त काकूंकडे. गेलो. काकू पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. मी नौपाड्याला फोन लावला.

"अप्पा, एक सरळ पितळी पट्टी आहे. मध्ये चीर, चिरेत जीभ."

"जीभ?" अप्पा विचारात पडले. "जीभ हलते का?"

"बोट लावलं की हलते."

"मग स्प्रिंग असणार! चाकांच्या वर लागते. किती आहेत?"

"चार!"

"चारच हव्यात! शाब्बास, जावईबापू!"

आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली शाब्बासकी! मी फोन ठेवला तर काकू शेंगा बाजूला सारून कौतुकाने बघत होत्या. "किती रे हुशार तू, सुधीर! आणि माझे सूर?"

"वाकलेत, काकू," मी म्हणालो. "म्हणूनच भसाडे लागत होते!"

घरी आलो, त्या चार वाकड्या पट्ट्या वरवंट्याने ठोकून सरळ केल्या आणि पेटीत बसवल्या. बसत नव्हत्या, पण माझ्यापुढे कुणाचं काय चालतं? उरलेल्या सरळ पट्ट्या डब्याखाली चिकटवल्या. डबा असा झोकात दिसायला लागला की शैलासुद्धा म्हणाली, "बाई! जमलं की तुम्हाला!"

या यशाच्या भरातच मी देवधरकाकूंना मेळाव्याचं स्वागतगीत म्हणायला सोबत नेलं. पेटी वाजवून बघायला त्यांना वेळच मिळाला नाही. साडी नेसेपर्यंत रिक्षा दारात.

सभागृहात दोनेकशे निवृत्त रेल्वेवाले. अप्पा पांढऱ्याशुभ्र शर्टात, समोर टेबलावर डबा, मान ताठ. काकूंनी भाता हलवला, डोळे मिटले, बोट दाबलं.

फुस्स.

पुन्हा दाबलं. फुस्स. काकूंचे डोळे उघडले. "सुधीर! माझा सा कुठंय?"

"असेल, काकू. जरा जोरात दाबा."

"अरे, दाबू काय? इथे साच नाहीये!"

पाहुणे खुर्चीत चुळबुळायला लागले. तो अवघडलेपणा झाकायला अप्पांनी डबा उचलला, तोंडाजवळ नेला आणि खालची धूळ उडवायला एक जोरदार फुंकर मारली.

"पींऽऽऽ!"

सभागृह गार! अप्पाही गार. त्यांनी डबा फिरवून पाहिला आणि पुन्हा, जरा दबकत, फुंकला.

"पींऽऽऽ!"

"हाच!" देवधरकाकू ताडकन उठल्या. "हाच माझा सा! काळी चार पट्टीचा! सुधीर, माझा सा तू गाडीला लावलास?"

मी म्हणालो, "काकू, तो अप्पांनीच..."

"मी?" अप्पा कडाडले. "जीभ हलते म्हणून कोणी सांगितलं?"

"पण तुम्ही शाब्बास म्हणालात!"

"ते मी परत घेतो!"

पुढच्या रांगेतले एक वयस्कर साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, गाणं तर होऊ द्या. सा अप्पा देतील."

आणि झालं! काकू इतर तीन मुके सूर गळ्यावर भागवायच्या, बाकीचे पेटीवर वाजवायच्या आणि सा आला की अप्पांकडे बघून मान हलवायच्या. अप्पा गाल फुगवून डबा फुंकायचे. दुसऱ्या कडव्याला लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले, तिसऱ्याला अप्पांना ताल सापडला आणि ते न विचारताच फुंकायला लागले! शेवटी तर 'वन्स मोअर' आला. आजवर रेल्वेच्या कुठल्या डब्याला आला नसेल तो!

कार्यक्रमानंतर कुणीतरी विचारलं, "हा जावई का तुमचा? इंजिनिअर ना?"

"जावई माझा," अप्पा म्हणाले. "इंजिनिअर कुणाचा ते चौकशी करून सांगतो."

काकूंचे सूर मग ठाण्यातल्या पेटीवाल्याने बसवून दिले. अप्पांच्या स्प्रिंगा मात्र वरवंट्याच्या माराने कायमच्या सपाट झाल्या. त्या त्यांनी स्वतः घासून, वाकवून पुन्हा बनवल्या. माझ्याशी ते महिनाभर फक्त हवामानावर बोलले.

पुढे दिवाळीत नागपूरच्या मेव्हण्याला फराळाचं पार्सल पाठवायचं होतं. अप्पा सुतळी बांधत होते. मी तिथेच उभा होतो. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "जावईबापू, या गाठीवर जरा बोट ठेवता का?"

माझा ऊर भरून आला. मी पुढे झालो आणि बोट ठेवलं.

शैला हळूच म्हणाली, "अहो, त्या गाठीवर नाही. दुसऱ्या."