स्लॅबखाली न बसणारा ठेकेदार

दौंडच्या रेल्वे क्वार्टरात जन्म गेला, त्यामुळे स्वतःचं घर जाणकार ठेकेदाराकडूनच बांधून घ्यायचं, असा माझा हट्ट होता. एक जण आपलं काम दाखवायला मला वरवंडला घेऊन गेला. त्याच्या खिशाला तीन पेनं आणि काखेत नकाशाची गुंडाळी होती, पण ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. ओळंबा लावणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यानं एक डोळा मिटला, की भिंत सरळ!

त्यानं बांधलेल्या घरापाशी पोचलो, तर हा अंगणातच कडुलिंबाखाली बसला.

"चला की आत," मी म्हणालो.

"तुम्ही या बघून. म्या टाकलेल्या स्लॅबखाली म्या कवाच बसत न्हाई."

स्वतःचं काम इतकं ओळखणारा माणूस पुन्हा कुठं मिळणार? घर त्यालाच दिलं.

आता पाहुणे आले, की आम्हीही चहा अंगणातच देतो.