धक्क्यावरची बैलगाठ

लाज वाटावी अशी गोष्ट माणसाने एक तर मुळीच सांगू नये, किंवा चहा निवायच्या आत एका दमात सांगून टाकावी. माझ्यापुरता पहिला मार्ग बंद झाला आहे, कारण अल्लीपुरात ती आता घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा बसा, आणि कप हातात असू द्या. हसताना सांडला तर दोष माझा. तसाही या गोष्टीत सगळा दोष माझाच आहे.

मी वर्ध्याचा; पिपरी मेघ्यात राहतो. सदतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. शब्द नेमका वापरावा, वस्तू नेमक्या जागी ठेवावी आणि दोरी नेमकी बांधावी, असा माझा स्वभाव. पहिल्या दोन आग्रहांचा त्रास फक्त घरच्यांना झाला. तिसऱ्याने काय केलं, तेच सांगतो.

निवृत्तीनंतर कुसुमने, म्हणजे माझ्या पत्नीने, एकच मागणं मागितलं: समुद्र पाहायचा, आणि तोही बोटीत बसून. कोकणातल्या एका तांडेलाची यंत्र बसवलेली लहान बोट आम्ही ठरवली. रोज थोडं अंतर किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, संध्याकाळी एखाद्या गावी उतरायचं. आठ दिवस दिवाळीआधी, आठ दिवस दिवाळीनंतर. मधल्या सणाला घरी परतायचं, कारण भाऊबीज.

ही भाऊबीज साधी समजू नका. कुसुमचे थोरले भाऊ अल्लीपूरला शेती करतात. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. बहिणीने ओवाळल्याशिवाय त्या दिवशी ते अन्नाला स्पर्श करत नाहीत. आमच्या लग्नापासून एकही भाऊबीज चुकलेली नाही, आणि दर वर्षी आम्ही सकाळीच पोचतो, म्हातारा माणूस उपाशी राहू नये म्हणून.

आता अमावास्येच्या, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवसाकडे येऊ. भर दुपारी आम्ही एका गावच्या धक्क्याला लागलो. पाणी धक्क्याच्या काठाशी आलं होतं. पायरी न चढता कुसुम बोटीतून सरळ वर आली. रेल्वेचं स्टेशन खाडीपलीकडे होतं; डिझेल भरून तांडेल बोटीनेच पलीकडे सोडणार होता. संध्याकाळची गाडी धरली की पाडव्याला घरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लीपूर. तांडेलाने कडीला दोर बांधला, सामान बोटीतच राहू द्या म्हणाला, आणि डबा घेऊन डिझेल आणायला दूर बाजारात गेला.

त्याने बांधलेला दोर मी पाहिला. काय सांगू! चांगला दोन पुरुष लांबीचा दोर ढिला सोडलेला, अर्धा पाण्यात लोळतो आहे, आणि बोट त्याच्या टोकाला खुशाल डुलते आहे. मी शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या वडिलांनी गोठ्यात एकच धडा दिला होता: बांधायचं ते आखूड बांधायचं. लांब दाव्यावरचा बैल एक तर शेजारच्याला शिंग मारतो, नाही तर स्वतःच्या पायात अडकतो.

“राहू द्या ना,” कुसुम म्हणाली. “त्याची बोट आहे, त्याला कळतं.”

“बांधणं हे सर्वत्र बांधणंच असतं,” मी म्हणालो.

पुढचा दोर सोडून मी आखूड केला. मागचा एक मोकळा दोर होता, तोही दुसऱ्या कडीला आवळला. गाठ मारली ती बैलाच्या दाव्याची: दोन वेढे, मधून फास, टोक खाली खोचलेलं. बैलाने जितकी ओढ द्यावी तितकी ती आवळत जाते. बोट धक्क्याला अशी चिकटली की मला धन्यता वाटली. मग आम्ही देऊळ पाहिलं, एका घरी वरणभात जेवलो, आणि त्यांच्याच ओसरीवर मला झोप लागली.

तुम्ही किनाऱ्यावरचे असाल तर तुमचा कप आताच हिंदकळला असेल. वर्ध्याचे असाल तर मला सांगावं लागेल. आमच्याकडची नदी उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात भरते. दुपारी जेवून उठेपर्यंत ती घराच्या उंचीइतकी खाली गेली, असं कधी कोणी पाहिलं आहे का? भरती-ओहोटी हे शब्द मला ठाऊक होते. त्यांची व्युत्पत्तीही मी अर्धा तास सांगू शकतो. अमावास्येला ती सर्वांत मोठी असते, हे पंचांग पाहणाऱ्या मला कोणी सांगायला हवं होतं असंही नाही.

परतलो तेव्हा धक्क्यावर दहा-पंधरा माणसं खाली वाकून पाहत होती. पाणी घराच्या उंचीइतकं खाली उतरलं होतं. आमची बोट मात्र उतरली नव्हती. ती माझ्या दोन गाठींवर धक्क्याच्या भिंतीला टांगलेली होती, वाळत घातलेल्या धोतरासारखी. तोंड वर, यंत्राकडची बाजू खाली, आणि आमचं सगळं सामान त्या खालच्या कोपऱ्यात कोंबलेलं. कुसुमने दादांसाठी घेतलेली कोकमं एकेक करून चिखलात पडत होती.

तांडेल डबा घेऊन आला. तो ओरडला नाही. त्याने गाठीवर अंगठा दाबून पाहिला आणि विचारलं, “मास्तर, पाणी काय एका जागी बसतं?”

गाठ सुटेना. दोर कापावा तर बोट खालच्या दगडांवर आपटून फुटणार. पाणी पुन्हा चढेपर्यंत थांबण्याखेरीज उपाय नव्हता. गाडी गेली. पुढची दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. म्हणजे अल्लीपुरात पोचायला भाऊबीजेची संध्याकाळ. बोटीची कड चिरली होती. तांडेलाचं लक्ष्मीपूजन धक्क्यावर झालं, आणि पाडवा चीर बुजवण्यात गेला.

इथवर तो मूर्खपणा होता. लाजेची गोष्ट यापुढे सुरू होते.

दादांना फोन मी केला. उशीर होईल, तुम्ही सकाळी जेवून घ्या, असं विनवलं. त्यांनी विचारलं, काय झालं? तेव्हा सदतीस वर्षं मुलांना ‘कर्ता शोधा’ म्हणून छळणाऱ्या मी सांगितलं, “बोट चुकीची बांधली गेली.”

“तांडेलानं?” दादांनी विचारलं.

मी “हं” म्हणालो. एवढंच. या एका अक्षराने मी अजून झोपेत दचकतो.

कुसुम शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गाडीत बसल्यावर एकच वाक्य बोलली, “मी काही सांगणार नाही. दादाला तुम्हीच सांगायचं.”

सांगणार होतो. खरोखर सांगणार होतो. पण अल्लीपुरात उतरलो तोवर माझ्या ‘हं’ला हातपाय फुटले होते. पारावर बसलेल्यांपैकी एकाने विचारलं की तांडेल पिऊन होता, हे खरं का? दुसऱ्याच्या ऐकण्यात आलं होतं की बाई बुडता बुडता वाचल्या. मी “तसं नाही” असं पुटपुटलो. लोकांनी तो माझा विनय समजला.

दादा पाटावर बसले तेव्हा दिवेलागण झाली होती. ओठ सुकले होते. कुसुमने ओवाळलं. तिचे डोळे भरून आले. भोवती दहा माणसं होती. आता दादा जेवतील आणि मग बाजूला घेऊन सांगेन, असं मी ठरवलं. पण दादांनी ताट बाजूला सारलं.

“आंधी त्या तांडेलाचा नंबर द्या मले. माह्या बहिणीचा जीव धोक्यात घालते म्हंजे काय!”

मी म्हणालो, राहू द्या, सणाचा दिवस आहे. त्यावर ते म्हणाले, सण म्हणूनच दोन शब्दांवर भागवतो. नंबर कुसुमने दिला. माझ्याकडे न पाहता दिला. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला गेला.

“काऊन रे बापू, बोट बांधता येत नाई तं माणसं काऊन बसवतं?”

पलीकडून तांडेलाचा आवाज आला, “चुकलं दादा. मी बोटीजवळ थांबायला पाहिजे होतं.”

माझं नाव त्याने घेतलं नाही. धरणी दुभंगावी असं वाटलं. पण ती ऐन वेळी कोणासाठी दुभंगते?

दादांचा राग थोडा निवळला. शेतकऱ्याची जिज्ञासा जागी झाली. “पन गाठ सुटली काऊन नाई?”

“अहो, असली गाठ मी जन्मात पाहिली नाही. दोन वेढे, मधून फास, टोक खाली खोचलेलं. जितकी ओढ तितकी आवळते. शेवटी पाणी चढल्यावर कोयत्याने दोर कापला. गाठी अजून कडीलाच आहेत.”

दादांनी गोठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा गोठ्याकडे. जमलेल्या दहाही माणसांच्या घरी बैल होते.

“जवाईबापू,” दादा हळूच म्हणाले, “हे तं आपली गाठ होय.”

मी फोनजवळ सरकलो. “तांडेल, गाठ मी मारली होती. आणि इथे नाव तुमचं सांगितलं.”

“ते दादांच्या पहिल्याच शब्दाला कळलं, मास्तर. ताई पोचल्या ना ओवाळायला? मग झालं.”

दादांनी फोन ठेवला, ताट ओढलं आणि बराच वेळ खाली मान घालून जेवले. मला वाढलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपयोगी पडावं म्हणून मी गोठ्यात गेलो आणि बैलाचं दावं हातात घेतलं. दादांनी ते माझ्या हातून काढून घेतलं.

“राहू द्या. इथलं पानी उतरत नाई, पन तुमचा भरवसा नाई.”

उरलेले आठ दिवस आम्ही पूर्ण केले. तांडेलाने स्वतःच बोलावलं. बोट पुन्हा त्याच धक्क्याला लागली, तेव्हा समोरून दुसरी एक बोट येत होती. धक्क्यावरच्या म्हाताऱ्याने त्या नाखव्याला हाक दिली, “मास्तराच्या कडीला लाव. आणि दोर लांब सोड!”

मी पाहिलं. कडीला माझी गाठ तशीच होती, मिठाने पांढरी पडलेली. इतकी वर्षं शिकवलं, पण एखाद्या वर्गाला सोडा, शाळेच्या बाकालाही कोणी माझं नाव दिलं नाही. इथे ते मिळालं होतं.

कुसुम दोर कडीत ओवून ऐसपैस ढिला सोडत होती. “तुम्ही पिशव्या धरा,” ती म्हणाली.

मी धरल्या. दोन्ही हातांनी.