विमलताईंचा शेरा

गफूरचा फोन आला तेव्हा मी नांदेडला मुलाच्या घरी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. गफूर आमच्या नगरपंचायतीतला शिपाई. मी निवृत्त झाल्यापासून तो सणावारालाच फोन करतो, त्यामुळे असं आडदिवशी त्याचं नाव दिसल्यावर मी पेपर बाजूला ठेवला. "साहेब, विमलताई गेल्या," तो म्हणाला. "दोन दिस ताप होता. आज सकाळी दवाखान्यात नेईपर्यंत..." मी "बरं" म्हणालो. बरं कशाला म्हणालो, अजून कळत नाही. मिळेल ती गाडी धरून गावी पोचेपर्यंत दुपार कलली होती आणि सगळं आटोपलं होतं. बुद्धविहाराच्या अंगणातून लोक घरी निघाले होते. ओळखीचे चेहरे मला पाहून थांबत होते, मग पुढे जात होते.

लातूर जिल्ह्यात देवणीच्या बाजूला आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष माझा आहे, गावाचा नाही. तिथल्या नगरपंचायतीत मी कार्यालय अधीक्षक आणि विमल सोनकांबळे आवक-जावक लिपिक. वीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. ताईंचे वडील दुसऱ्याच्या रानात राबणारे, त्या उदगीरच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या, घरातल्या पहिल्या नोकरदार. यजमान शिक्षक होते, ते लवकर गेले. ताईंची एक खोड होती. आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्या त्यावर आवकचा शिक्का मारत नसत. आम्ही बाकीचे आधी शिक्का मारायचो आणि वाचायचं राहूनच जायचं. "ताई, तुम्हाला पगार वाचायचा मिळतो की नोंदवायचा?" असं कुणी चिडवलं की म्हणायच्या, "न वाचता नोंदवलं तर कागद आला काय आन् न्हाई आला काय, एकच की."

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तसाच उन्हाळा आला. बोअर कोरडे, टँकरच्या खेपा, आणि कार्यालयात दिवसभर पाण्याचीच भांडणं. त्या धबडग्यात दिव्यांगांसाठीच्या नव्या कायद्याची परिपत्रकं येऊ लागली. सर्वेक्षण करा, याद्या करा, इमारतीला उतार बांधा, पूर्वतयारीचा अहवाल पाठवा. साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, ते माझ्याकडे सरकवलं आणि मी जुनी यादी काढून तारीख बदलायला सांगितली. ताई उठून माझ्या टेबलापाशी आल्या. "साहेब, जुन्या यादीत सात प्रकार होते. आता एकवीस केलेत. बुद्धीनं कमी असलेले, मनानं आजारी तर जुन्यातही होते, आता रक्ताचे आजारही आलेत... ही माणसं आपल्या यादीत कुठं हायेत?" मी म्हणालो, "सगळा स्टाफ पाण्यावर आहे, ताई. घरोघर कोण फिरणार?" त्या म्हणाल्या, "मी फिरते."

आणि फिरल्या. सकाळी टपाल उरकायच्या आणि डोक्यावर पदर घेऊन निघायच्या. एक दिवस मीही बरोबर गेलो, सहज, पाय मोकळे करायला म्हणून. गावाच्या कडेला पत्र्याच्या घरांची ओळ होती. एका दाराला बाहेरून कडी होती आणि आतून काहीतरी आपटल्याचा आवाज येत होता. ताईंनी कडी काढली. आत तिशीचा एक माणूस जमिनीवर बसला होता. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं त्याचा घोटा बाजेच्या पायाला बांधला होता. आम्हाला बघून तो हसला. तेवढ्यात त्याची आई, गिरजाबाई, हातात अर्धी भरलेली घागर घेऊन धावत आली. आम्ही काही विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"बांधू न्हाई तर काय करू, ताई? मागं सुटला तर स्टँडावर घावला, गाडीखाली येता येता वाचला. टँकर आल्यावर मी पाण्याला पळू का नामदेवला धरून बसू?"

"घरात आणखी कोण हाय?" ताईंनी विचारलं.

"कोण न्हाई. ह्याचा बाप होता तवर बरं होतं."

ताई खाली बसल्या आणि पट्टीची गाठ सोडून त्यांनी नामदेवच्या घोट्यावरून हात फिरवला. तिथं कातडी काळी पडून जाड झाली होती. "नवा कायदा आलाय, बाई," त्या म्हणाल्या. "नामदेवचं नाव बसतंय त्यात."

गिरजाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "कायदा आलाय, मग तो काय करून राहिला? आमच्याकडं तर कोणी आलं न्हाई."

"आम्ही आलोय की," ताई म्हणाल्या. परतताना मला वाटलं, हे बोलायला नको होतं त्यांनी.

अहवालाचा नमुना ठरलेला होता. नाव, वय, प्रकार, प्रमाणपत्र आहे किंवा नाही, आणि शेवटी शेरा. त्या शेवटच्या रकान्यात सगळीकडे 'निरंक', म्हणजे काही नाही, असं लिहायची आमची पद्धत. नामदेवच्या नावापुढे ताईंनी लिहिलं होतं : 'आई पाण्याला जाते तेव्हा यास बांधून ठेवावे लागते. अशा वेळी कार्यालयाने काय करावे, याचे मार्गदर्शन व्हावे.' अक्षर नेहमीसारखं टपोरं, सरळ. मी त्यांना बोलावलं.

"ताई, हे वर गेलं तर उलटं आपल्यालाच विचारतील. बांधलेला माणूस तुमच्या हद्दीत कसा म्हणून नोटीस येईल."

"येऊ द्या की. विचारतील तरी."

"शेरा निरंक लिहायचा असतो."

"निरंक कसा लिहू, साहेब? माणूस बांधलेलं हाय."

मी तो कागद ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरकडून यादी नव्यानं टाइप करून घेतली, नामदेवपुढे निरंक टाकलं, खाली 'पूर्वतयारी पूर्ण' असं लिहून सही केली. मुख्याधिकाऱ्यांनीही केली. कागद जावकला गेला, म्हणजे ताईंच्याच टेबलावर. त्यांनी तो नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत वाचला. नोंदवहीत क्रमांक टाकला, लिफाफा बंद केला, गफूरच्या हातात दिला. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर आठवडाभर आमच्याबरोबर चहाला आल्या नाहीत... मी मनात म्हणालो, होईल सगळं ठीक. पुढे कार्यालयाच्या दाराशी उतारही झाला. इतका उभा झाला, की चाकाची खुर्ची काय, धडधाकट माणूसही त्यावरून जपून उतरायचा. मग लोक त्यावर मोटारसायकली लावू लागले.

ताईंनी नामदेवला सोडलं नाही. प्रमाणपत्राचं शिबिर लातूरला होतं. रजा टाकून त्या मायलेकरांना जीपनं घेऊन गेल्या. तिथं कळलं, आधी आधार कार्ड लागतं. त्याचं यंत्र तिथंच होतं, पण त्यासाठी बोटं आणि डोळे लागतात. नामदेव यंत्राला बोट लावू देईना आणि डोळे घट्ट मिटून घेई. ताईंनी त्याचं डोकं छातीशी धरलं, आईनं हात धरले, यंत्रावरचा मुलगा भला होता, त्यानं परत परत प्रयत्न केला. डॉक्टर म्हणाले, "मला बघूनच कळतंय हो, बाई. पण आधारशिवाय नोंदच होत नाही." दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणाल्या, "त्याला धरून धरून माझे हात गळाले, साहेब. पर डोळे कशासाठी उघडायचे, हे त्याला कसं सांगावं?" आणखी दोनदा त्या गेल्या. दोन्ही वेळा तसंच परत आल्या. मुख्याधिकारी त्यांना समजावत, "आपल्या बाजूला नवा जिल्हा होणारच आहे. मग डॉक्टरांचं बोर्ड जवळ येईल, कशाला लातूरला पळता?" त्या वर्षी नव्या जिल्ह्याची चर्चा चहाच्या टपरीवरही असायची. जिल्हा झाला नाही. मुख्याधिकारी बदलून गेले. मी निवृत्त झालो, पुढच्या वर्षी ताईही झाल्या.

शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतरची. मी पेन्शनच्या कामाला गावी गेलो होतो, त्यांच्या घरी चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना त्या एकदम म्हणाल्या, "साहेब, तो कागद परत मागवता येईल का?"

"कोणता?"

"पूर्वतयारी पूर्णवाला."

मी हसलो. "गेलेला कागद कधी परत येतो का, ताई? तुम्हीच तर जावक केलात."

"हाव," त्या म्हणाल्या. "मीच केला." त्या हसल्या नाहीत. मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं. मी चपला घातल्या आणि निघालो.

त्या गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात आम्ही जुन्या सहकाऱ्यांनी कार्यालयात शोकसभा घेतली. भाषणं झाली, मीही बोललो. 'कर्तव्यदक्ष' वगैरे शब्द वापरले. सभा संपल्यावर घरी जाववेना. गफूरला घेऊन मी पत्र्याच्या घरांकडे गेलो. गुरुवार होता, गावचा बाजार. गिरजाबाई उंबऱ्यावर रिकामी पिशवी घेऊन बसली होती. माझी ओळख तिला पटली नाही, पण गफूरला तिनं ओळखलं.

"ताई गावाला गेल्यात का रे, गफूर? पाच बाजार झाले, आल्या न्हाईत. दर बाजारी येऊन ह्याच्याजवळ पाटावर बसायच्या. म्हणून मला बाजार घावायचा, दळण घावायचं. ह्याला बांधावं लागत न्हवतं."

आम्हा दोघांनाही हे माहीत नव्हतं. गफूर माझ्याकडे बघायला लागला. शेवटी मीच सांगितलं. गिरजाबाईनं पिशवीची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. रडली नाही. मग म्हणाली, "मला कोणी सांगितलंच न्हाई..." मी म्हणालो, "बाई, तुम्ही बाजार करून या. मी बसतो." तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग नामदेवच्या डोक्यावर हात ठेवून, मागे वळून वळून बघत गेली.

मी आत शिरलो. भिंतीला एक लाकडी पाट टेकवलेला होता. मी तो मांडला आणि त्यावर बसलो. नामदेव ओरडत उठला आणि माझी बाही धरून ओढू लागला. मला वाटलं, घाबरला. गफूर म्हणाला, "साहेब, ताई काय करायच्या ह्याच्यासंगं? काही म्हणायच्या का, खेळायच्या?" मला माहीत नव्हतं. वीस वर्षं समोर बसलेल्या बाईबद्दल एवढंही मला माहीत नव्हतं. नामदेव ओढतच राहिला, तेव्हा मी उठून जमिनीवर बसलो. त्यानं मला सोडलं. पाटावरची धूळ तळव्यानं पुसली, तो दाराकडे तोंड करून सरळ ठेवला आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. आई बाजारातून येईपर्यंत तो त्या रिकाम्या पाटाशेजारून हलला नाही.